घरात बसून सायकल रेस: झ्विफ्ट, स्मार्ट ट्रेनर आणि नवीन लोकांचे नेहमीचे प्रश्न

जून लागला की सायकलच्या ग्रुपवर तेच प्रश्न परत सुरू होतात, ट्रेनर कुठला घेऊ, फुकटचं ॲप चालेल का, खालच्या मजल्यावरचे काका भांडायला येतील का, आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा, "रेस लावली आणि शेवटची आले तर?" प्रत्येकीला-प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. स्मार्ट ट्रेनर म्हणजे सायकल घरात जागच्या जागी बसवायचा स्टँड, जो ॲपच्या सांगण्यावरून पायाला कमी-जास्त जोर लावायला लावतो, आणि झ्विफ्ट हे असंच एक ॲप, ज्यात स्क्रीनवरच्या रस्त्यावर जगभरातल्या लोकांबरोबर सायकल चालवता येते. पुण्यामुंबईत पावसाने अडकलेल्यांसाठी तर आहेच, पण मँचेस्टर नाहीतर मिनेसोटाच्या थंडीत घरात कोंडलेले आपले लोकही हेच विचारत असतात.

आधी एक गोष्ट. "बाहेर जाता येत नाही म्हणून नाइलाज" अशा मूडमध्ये सुरू केलंत तर महिन्याभरात त्या ट्रेनरवर कपडे वाळत पडलेले दिसतील, बऱ्याच घरांत दिसतात. हा वेगळा खेळ आहे असं धरून चला. यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, डिसेंबर २०२० मध्ये याची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतली, तीही झ्विफ्टवरच्या वाटोपिया नावाच्या काल्पनिक बेटावर. पुरुषांमध्ये जिंकला जेसन ऑसबोर्न, जर्मनीचा, जो मुळात रोइंगवाला, पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये रोइंगचं सिल्व्हर घेऊन आला, आणि बायकांमध्ये साउथ आफ्रिकेची ॲशली मूलमन-पासियो जी रस्त्यावरची मुरलेली प्रो. जय व्हाइन नावाच्या ऑस्ट्रेलियनला तर झ्विफ्टच्या २०२० च्या अकॅडमीतून, म्हणजे नवे रायडर शोधायच्या स्पर्धेतून, प्रो टीमचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं आणि २०२२ च्या व्हुएल्टात, स्पेनच्या त्या मोठ्या रेसमध्ये, त्याने दोन स्टेज मारल्या. त्यामुळे कोणी "व्हिडिओ गेम आहे" म्हणालं तर हो म्हणा आणि पॅडल मारत राहा.

ट्रेनर कुठला घ्यायचा?

दोन जाती. एक व्हील-ऑन, म्हणजे मागचं चाक सायकललाच राहतं आणि ट्रेनरचा रोलर टायरला घासतो. दुसरा डायरेक्ट ड्राइव्ह, मागचं चाक काढून सायकल सरळ ट्रेनरवर बसवायची, कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, ट्रेनरलाच असते. पहिला स्वस्त, पण आवाज जास्त, टायर झिजतो, टायरमधली हवा आणि रोलरची पकड बदलली की वॉटचा, म्हणजे पायाच्या ताकदीचा, आकडाही बदलतो. दुसरा महाग पण वॉट बऱ्यापैकी खरे दाखवतो, बहुतेक कंपन्या १ ते २ टक्क्यांची अचूकता सांगतात. रेस करायचीच असं ठरलं असेल तर माझं स्पष्ट मत, थोडं थांबा, पैसे साठवा आणि डायरेक्ट ड्राइव्हच घ्या, सेकंडहँड मिळाला तरी चालेल. वाहूचा किकर कोअर, टॅक्सचे, एलीटचे, डेकॅथलॉनचा व्हॅन रायसेल, यांतला तुमच्या शहरात ज्याची सर्व्हिस मिळते तो घ्या. फीचर्सच्या व्हिडिओंपेक्षा सर्व्हिस महत्त्वाची, कारण बेअरिंग वाजायला लागलं की हे २० किलोच्या आसपासचं धूड कुरिअर करायची वेळ येते.

घ्यायच्या आधी सायकलकडे नीट बघा. मागचं चाक क्विक रिलीजने (खटक्याने उघडणारा बारीक दांडा) बसतं की थ्रू ॲक्सलने (आरपार जाणारा जाड दांडा)? कॅसेट किती स्पीडची? ट्रेनरबरोबर कॅसेट येते की वेगळी घ्यावी लागेल? दुकानदाराला सायकलचा फोटो दाखवा, बऱ्याच जणांचा पहिला आठवडा ॲडॉप्टर शोधण्यातच जातो. २०२३ च्या शेवटापासून झ्विफ्ट कॉग नावाचा प्रकार आलाय, मागे एकच दातेरी चकती आणि गिअर हँडलवरच्या बटणांनी व्हर्च्युअली बदलायचे, ८ ते १२ स्पीडच्या सायकलला चालतो. घरात दोघांच्या दोन वेगळ्या सायकली असतील तर हा फार सोयीचा.

साधा, ज्याला ब्लूटूथ वगैरे काही नाही असा जुना ट्रेनर पडलाय? त्याच्यावरही सुरू करता येतं, स्पीड सेन्सर लावला की झ्विफ्ट त्यावरून वॉटचा अंदाज काढतं. चढ आला तरी पायाला काही कळणार नाही आणि रेसच्या निकालात असे अंदाजी वॉट धरत नाहीत बहुतेक ठिकाणी. पण हा प्रकार आपल्याला झेपतो का हे बघायला पुरेसं आहे.

सायकल चढवायची कशी

हे कोणी नीट सांगत नाही म्हणून सावकाश सांगते. सायकल उभी असतानाच गिअर मागच्या सगळ्यात छोट्या कॉगवर, म्हणजे दातेरी चकतीवर, आणा, म्हणजे चेन सैल पडते आणि चाक पटकन निघतं. आता चाक काढा. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर लगेच, म्हणजे लगेच, ब्रेक पॅडच्या मधे तो प्लास्टिकचा छोटा स्पेसर घाला. नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडी घाला. का, तर डिस्क नसताना चुकून मागचा ब्रेक दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसवताना डिस्क आतच जात नाही. ट्रेनरवर तर हात सवयीने ब्रेककडे जातोच, उतार दिसला की हमखास. मग डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा मागचा भाग) मागे ओढून चेन ट्रेनरच्या छोट्या कॉगवर ठेवा, सायकल खाली बसू द्या, ॲक्सल घट्ट करा आणि पॅडल हाताने फिरवून सगळे गिअर एकेक टाकून बघा. खरखर आली तर डिरेलरचा बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण बदलणारी गोल चकरी) पाव-पाव फेरा फिरवून बघा. पुढच्या चाकाखाली काहीतरी द्या म्हणजे सायकल समपातळीत येईल, व्हील-ऑनला तर लागतंच.

पंखा. ट्रेनरपेक्षा मोठा प्रश्न.

बाहेर २५ च्या स्पीडने जाताना वारा आपोआप लागतो, घरात तो शून्य. वीसेक मिनिटांत अंगाचं तापमान वाढतं, हार्टरेट चढतो, आणि त्याच वॉटला पाय जड व्हायला लागतात, मग लोक म्हणतात ट्रेनर चुकीचा दाखवतोय. ट्रेनर बरोबर आहे हो, तुम्ही तापलाय. सीलिंग फॅनचा उपयोग नाही म्हटलं तरी चालेल. मोठा फर्राटा पंखा समोरून छातीवर, आणि जमलं तर एक पाठीमागून. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकतच नाही, तिथे एसी आणि पंखा दोन्ही लावा, नाहीतर पहाटे पाचला बसा. ट्रेनरला फार वीज लागत नाही, पण लाइट गेली की राइड तिथेच मेली, म्हणून राउटर, ट्रेनर आणि पंखा इन्व्हर्टरवर घ्या, निदान राउटर आणि ट्रेनर तरी.

घामाचं पुढे. हँडलवर टॉवेल टाका, टॉप ट्यूबवर एक टाका. मिठाचा घाम स्टेमच्या आणि हेडसेटच्या, म्हणजे हँडल जिथे बसतं तिथल्या, बोल्टवर रोज थेंब थेंब पडतो, वरून काही दिसत नाही, सहा महिन्यांनी स्टेम सैल करायला जावं तर ॲलन की गोल फिरते. राइड झाली की ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने, दोन मिनिटांचं काम आहे. ताशी एक बाटली पाणी कमीत कमी, तासाच्या वर बसणार असाल तर ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत. एनर्जी जेल विकत आणायची काही गरज नाही, केळं आणि राजगिऱ्याची चिक्की झक्क काम करते.

शेजारी ओरडतील का?

डायरेक्ट ड्राइव्हचा हवेतला आवाज फारसा नसतो, पंखाच जास्त आवाज करतो. त्रास होतो तो जमिनीतून जाणाऱ्या कंपनांचा, खालच्या घरात ती घुर्र अशी जाते आणि पहाटे पाचला चांगलीच जाणवते. जाड रबरी मॅट घ्या, जिममध्ये असते तसली, खोलीच्या मधे न बसता खांबाच्या किंवा बीमच्या जवळ बसा. आणि सुरू करायच्या आधीच खाली जाऊन सांगून या, "काका, सकाळी सहा ते सात सायकल चालवते, त्रास झाला तर मेसेज टाका." आधी सांगितलं की निम्मं भांडण होतच नाही. लेकाला खाली उभं करून आवाज कितपत येतो तेही ऐकून घ्या.

कुठलं ॲप?

झ्विफ्टवर गर्दी सगळ्यात जास्त, कधीही जा, माणसं असतात, रेस दर थोड्या वेळाने असतात. पण महिन्याचे साधारण २० डॉलर, आपल्याकडे ते टोचतात. मायहूश यूएईचं, फुकट आहे, आणि टुकार वगैरे अजिबात नाही, २०२४ ची यूसीआय वर्ल्ड चॅम्पियनशिप त्याच्यावरच झाली, ऑसबोर्न दुसऱ्यांदा जिंकला तो तिथेच. त्यांच्या रविवारच्या रेसला पैशांची बक्षिसंही असतात, म्हणून वरच्या गटात पोरं जीव तोडून मारतात. रूव्हीवर खऱ्या रस्त्यांचे व्हिडिओ, रेसपेक्षा फिरायला छान. माझा सल्ला, पहिला महिना मायहूशवर काढा, बसायची सवय लागली आणि गर्दी हवीशी वाटली की झ्विफ्टची ट्रायल घ्या, आणि पैसे भरायचेच तर पावसाळ्यापुरते भरून ऑक्टोबरात बंद करा, कोणी अडवत नाही.

लॅपटॉप, आयपॅड, ॲपल टीव्ही, बरा अँड्रॉइड फोन, कशावरही चालतं. ट्रेनर जोडताना नेहमीचा घोळ एकच, ट्रेनर सापडतच नाही, कारण तो आधीच दुसऱ्या कशाला तरी ब्लूटूथने चिकटलेला असतो, फोनवरचं कंपनीचं ॲप नाहीतर घड्याळ. ते बंद करा. आणि हो, फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन पेअर करायचं नसतं, झ्विफ्टच्या आतल्या स्क्रीनवरूनच. तिथे पॉवर, केडन्स (पॅडल मिनिटाला किती वेळा फिरतं) आणि कंट्रोल (ट्रेनरचा जोर ॲपने बदलणं) तिन्हीला ट्रेनर निवडा. कंट्रोल राहून गेलं तर चढ येतो पण पायाला काहीच लागत नाही आणि माणूस खूश होतो.

वजन, एफटीपी आणि ते वॉट पर किलो

या खेळात सपाटीवर वॉट आणि चढावर वॉट भागिले वजन, एवढ्यावर जवळजवळ सगळं चालतं, त्यामुळे वजन खरं टाका. सकाळचं, काट्यावरचं. चार किलो कमी टाकून वरचा नंबर येतो, त्याला तिथे वेट डोपिंगच म्हणतात आणि लोकांना कळतं.

एफटीपी म्हणजे ढोबळमानाने जे वॉट तुम्ही तासभर टिकवू शकाल ते. मोजायला रॅम्प टेस्ट सोपी, झ्विफ्टवर १०० वॉटपासून सुरू होते, दर मिनिटाला २० वॉट वाढतात, पाय थांबेपर्यंत मारायचं. शेवटच्या सगळ्यात चांगल्या मिनिटाचे ७५ टक्के म्हणजे तुमचा एफटीपी. समजा ते मिनिट २४० वॉटचं निघालं तर एफटीपी १८०, वजन ६८ असेल तर वॉट पर किलो २.६ च्या थोडं वर. हलक्या आणि नवीन लोकांसाठी लाइट नावाची टेस्ट आहे, ५० पासून १०-१० ने वाढणारी, बायकांना आणि पन्नाशीपुढच्यांना मी तीच करायला सांगते कारण मोठ्या पायऱ्यांमुळे टेस्ट उगाच लवकर संपते. रक्तदाब, हार्टचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ही टेस्ट शेवटी पूर्ण दम काढते.

जुनी गटवारी अशी होती आणि अजून पुष्कळ ठिकाणी बोलण्यात तीच असते: २.५ च्या खाली डी, २.५ ते ३.२ सी, ३.२ ते ४ बी, त्यावर ए. आता बऱ्याच रेसमध्ये रेसिंग स्कोअर बघतात, शून्य ते हजार, तुमच्या पॉवरवरून सुरू होतो आणि निकालांप्रमाणे वरखाली होतो. नवीन माणसाला हे जास्त बरं, कारण नुसते वॉट असून रेस करता येत नाही आणि स्कोअरला ते कळतं.

अर्ग मोड आणि ट्रेनर डिफिकल्टी, या दोन गोष्टींवरून सगळ्यात जास्त गोंधळ. अर्ग मोड वर्कआउटसाठी. १५० वॉट सांगितले की ट्रेनर १५० च ठेवणार, तुम्ही हळू फिरवलं तर तो जोर वाढवतो, त्यामुळे आणखी हळू होतं, तो आणखी वाढवतो आणि शेवटी पाय भिंतीत अडकल्यासारखा थांबतो. उपाय, जोराचा टप्पा सुरू व्हायच्या दोन-तीन सेकंद आधीच केडन्स ९० च्या वर न्या, आणि अडकलातच तर पाय थांबवा, दोन श्वास घ्या, परत सुरू करा. ट्रेनर डिफिकल्टी मात्र रेसची अवघडता नाही. ५० टक्के ठेवली तर १० टक्क्यांचा चढ पायाला ५ टक्क्यांसारखा लागतो, पण वर पोचायला वॉट तेवढेच लागणार, वेळही तेवढाच. फक्त गिअर कमी बदलावे लागतात. सुरुवातीला आहे तशी सोडून द्या.

पहिल्या महिन्यात काय करायचं

आठवड्यातून तीन दिवस, ४० ते ५० मिनिटं, बास. एक दिवस रोबोपेसरबरोबर, हे झ्विफ्टचेच कॉम्प्युटरवाले रायडर असतात, ठरलेल्या वेगाने २४ तास गोल गोल फिरतात आणि त्यांच्याभोवती माणसांचा घोळका असतो. त्या घोळक्यात टिकून राहणं म्हणजेच ड्राफ्टिंगची, पुढच्याच्या आडोशाने वारा वाचवत चालवायची, शिकवणी. एक दिवस वर्कआउट. एक दिवस मनाला येईल ते, टेम्पस फ्युजिट नावाचा जवळजवळ सपाट रूट आहे, तिथे जा नाहीतर वाटोपियातल्या ज्वालामुखीला चक्कर मारा. आल्प दु झ्विफ्टची घाई नको, फ्रान्सच्या आल्प ड्युएझवरून बनवलाय, १२ किलोमीटरमध्ये हजार मीटरच्या वर चढ आणि २१ वळणं, सिंहगडाचा घाट ज्यांना घाम फोडतो त्यांच्यासाठी तो पुढच्या महिन्याचा विषय आहे.

बूड दुखणार. घरात सायकल डुलत नाही, खड्डे नाहीत, सिग्नल नाहीत, त्यामुळे सगळं वजन एकाच जागी बसतं. दर आठ-दहा मिनिटांनी पॅडलवर उभे राहा, चांगली पॅडची शॉर्ट घाला, आतून दुसरं काही न घालता.

आता रेस

तयारी झाली की लावेन म्हणणारे कधीच लावत नाहीत. महिना झाला की लावा, २० ते ३० मिनिटांची, सपाट रूटची, सगळ्यात खालच्या गटातली. झ्विफ्टवरच्या क्रिट सिटीतल्या छोट्या लॅपच्या रेस शिकायला चांगल्या, तेच वळण परत परत येतं. बायकांसाठी बऱ्याच रेसमध्ये वेगळा गट असतो, साइनअप करताना बघून घ्या, नाहीतर मिक्समध्ये जाता. हार्टरेट पट्टा लावा, बऱ्याच रेसमध्ये तो लागतोच.

वेळेचं गणित आपल्याला बरं पडतं. भारतात सकाळी सहा म्हणजे न्यूयॉर्कला आदल्या दिवशीची संध्याकाळ, अमेरिकनांची गर्दी. रात्री अकरा म्हणजे युरोपची संध्याकाळ, तेव्हा गर्दी सगळ्यात जास्त आणि वेगही. मी सकाळच्या बाजूची, रात्री अकराला रेस केली की दोनपर्यंत झोप लागत नाही.

वॉर्मअप २० मिनिटं, त्यात दोन-तीन छोटे जोर. सुरू व्हायच्या पाचेक मिनिटं आधी पेनमध्ये या, म्हणजे स्टार्ट लाइनमागचा तो कठडा, आणि तिथे पॅडल चालूच ठेवा. शेवटचे दहा सेकंद दिसले की वॉट वाढवायला लागा, शून्य झाल्यावर नाही. कारण ट्रेनरचा जोर स्क्रीनवर पोचायला जरा उशीर होतो आणि बाकीचे सगळे आधीच मारत असतात. पहिली दोन-तीन मिनिटं भयंकर जातात, एफटीपीच्या खूप वर, हार्टरेट उडालेला, आणि डोक्यात एकच विचार की हे अर्धा तास असंच असेल तर मी मेले. तसं नसतं. ग्रुप तुटतो, तुम्ही कुठल्या तरी तुकड्यात पडता आणि वेग खाली येतो. सगळी मजा त्या तीन मिनिटांनंतर आहे, आणि नेमके तिथेच नवीन लोक सोडून देतात.

एकदा ग्रुप मिळाला की लोकलच्या गर्दीसारखं, आत शिरायचं आणि मधे राहायचं. पुढच्याच्या मागे राहिलात तर त्याच वेगाला पाव ते एक तृतीयांश वॉट कमी लागतात. पुढे एकटं जाऊन वारा खायचा नाही, तुम्हाला कोणी हार घालणार नाही. पण पार शेवटीही नको, कारण चढाला समोर फट पडली की ती तुम्हालाच भरावी लागते आणि एकदा १०-१५ मीटर मागे पडलात की ड्राफ्ट गेला, मग २० वॉटने नाही, ७०-८० वॉटने पाठलाग. स्क्रीनवर उजवीकडे रायडरांची यादी असते तिच्यावर डोळा ठेवा, चार-पाच जणांचे वॉट पर किलो एकदम वाढले म्हणजे कोणीतरी निघालंय. आणि चढ सुरू व्हायच्या आधीच जोर वाढवा, चढ पायाला लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

पॉवरअप, म्हणजे थोडा वेळ चालणाऱ्या गेममधल्या सवलती, मिळतात कमानींखालून जाताना. पीस असेल तर काही सेकंद वजन कमी, ते चढाच्या सगळ्यात तीव्र भागात वापरा. एरो हेल्मेट असेल तर १५ सेकंद वाऱ्याचा अडथळा कमी, ते शेवटच्या स्प्रिंटला राखून ठेवा. व्हॅन असेल तर ड्राफ्ट वाढतो, ग्रुपमध्ये दम खायला. पहिल्या रेसमध्ये हे सगळं विसरायला होतं, चालतं.

शेवटची आले तर? रेसमध्ये मधेच सोडणारेच इतके असतात की पूर्ण केलीत म्हणजे शेवटच्या नसताच बहुतेक. आणि तिथे तुमच्या नावापलीकडे कोणाला काही माहीत नसतं.

बाहेर याचा उपयोग होतो का?

दमाचा आणि पायांचा होतो, भरपूर. हँडल सांभाळणं, वळण, ब्रेक, खड्डा चुकवणं यांचा शून्य. तीन महिने घरात मारून पाय दणकट झालेले असतात आणि हात विसरलेले, म्हणून पाऊस संपला की पहिलीच राइड खंडाळ्याच्या उतारावर नको. सायकल ट्रेनरवरून काढली की पॅडमधला स्पेसर आठवणीने काढा, चाक बसवून ॲक्सल घट्ट करा, दोन्ही ब्रेक दाबून बघा, ट्रेनरची कॅसेट आणि चाकाची कॅसेट वेगळी असेल तर गिअर परत जुळवून घ्या, डिरेलर नेमका मोठ्या कॉगवर अडखळतो. क्लीटवाले, म्हणजे पॅडलला अडकणारे, बूट असतील तर गेटच्या आतच चार वेळा पाय काढून घालून बघा, पहिल्या सिग्नलला आडवं पडण्यापेक्षा ते बरं.